‘द क्लासिक स्लेव्ह नॅरेटिव्ह्ज’ : गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या लेखणीचा एक खंड

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यातून सोडविण्याच्या कामी औदार्य आणि निरपेक्ष बुद्धी दाखविली, त्यांना ती अर्पण केली. नागपुरात, निदान धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीच्या परिसरात लागणाऱ्या दुकानांतून पुस्तके घेणाऱ्या वाचकांत, ही अर्पणपत्रिका माहीत नसलेला माणूस विरळाच. पण ती वाचल्यावर मनात जे चित्र उमटते, त्यात बेडी तोडणारा हात बहुधा गोऱ्या माणसाचा असतो आणि बेडीतला माणूस नुसता सुटकेची वाट पाहत असतो. हे चित्र अर्धवट आहे. ते पुरे करण्यासाठी एकच पुस्तक विकत घ्यायचे असेल, तर अमेरिकी साहित्य-अभ्यासक हेन्री लुईस गेट्स (ज्युनियर) यांनी संपादित केलेला ‘द क्लासिक स्लेव्ह नॅरेटिव्ह्ज’ हा खंड घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९८७ साली प्रथम निघालेल्या या खंडात चार आत्मकथा एकत्र आहेत : ओलाउडा इक्वियानो (१७८९), मेरी प्रिन्स (१८३१), फ्रेडरिक डग्लस (१८४५) आणि हॅरिएट जेकब्ज (१८६१). पुस्तक कागदी बांधणीचे असून सुटसुटीत आहे आणि चार स्वतंत्र पुस्तके घेण्यापेक्षा बरेच स्वस्त पडते. सीताबर्डीवरील विक्रेत्याकडे ते तयार नव्हते, मागणी नोंदवून मागवावे लागले. कोणी घेणार असेल तर ही तयारी ठेवावी. भाषा इंग्रजी आहे आणि ती अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील असल्यामुळे इक्वियानोची पहिली काही पाने जड जातात. संपादकांची प्रस्तावना मात्र आधी वाचावी, कारण गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी स्वतःच्या नावाने लिहिणे ही केवढी राजकीय कृती होती, हे ती नीट समजावून देते.

इक्वियानोबद्दल थोडक्यात सांगतो. त्याने व्यापारात पैसा पैसा साठवून १७६६ साली स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतले आणि पुढे लंडनमध्ये आत्मचरित्र काढले, तेही आगाऊ वर्गणीदार मिळवून, म्हणजे प्रकाशकाच्या मेहरबानीवर न विसंबता. त्याच्या हयातीतच पुस्तकाच्या नऊ आवृत्त्या निघाल्या. ‘झाँग’ नावाच्या जहाजावरून १७८१ साली सुमारे १३० आफ्रिकी माणसांना समुद्रात फेकून देण्यात आले आणि जहाजाच्या मालकांनी त्यांच्याबद्दल विम्याची भरपाई मागितली, ही बातमी १७८३ मध्ये गुलामीविरुद्ध झगडणारे इंग्रज कार्यकर्ते ग्रॅनव्हिल शार्प यांच्यापर्यंत नेणारा इक्वियानोच होता. ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली ती १८०७ साली, त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. त्याचा जन्म आफ्रिकेत झाला, असे तो सांगतो. पण त्याच्या बाप्तिस्म्याच्या आणि नौदलाच्या नोंदींत दक्षिण कॅरोलायना असे जन्मस्थान आढळल्याने अभ्यासकांचा त्यावर आजही वाद चालू आहे. मला हा वाद महत्त्वाचा वाटतो. गुलामाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न या चारही पुस्तकांचा पाठलाग करतो, आणि त्याला दिलेले उत्तर हीच या लेखकांची खरी कमाई आहे.

मेरी प्रिन्सची कथा खंडात सर्वांत लहान आहे, पण ती वाचायला सर्वांत अधिक वेळ लागतो, कारण पान उलटवत नाही. बर्म्युडात जन्मलेल्या या बाईला टर्क्स बेटावर मिठागरात कामाला जुंपले होते. पहाटेपासून गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभे राहून मीठ काढायचे, डोक्यावर ऊन, पायांना फोड, आणि ते फोड मिठाने हाडापर्यंत कुरतडले जायचे, असे ती सांगते. आमच्या इंदोऱ्यातील अभ्यासवर्गात हा उतारा मराठीत करून वाचून दाखविला, तेव्हा रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, “हे पुढे वाचा, पण सावकाश वाचा.” १८२८ मध्ये मालकाबरोबर लंडनला आल्यावर तिने घर सोडले, आणि तिची हकीकत सुझाना स्ट्रिकलंड यांनी लिहून घेतली, थॉमस प्रिंगल यांनी संपादित केली. ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेली कृष्णवर्णीय स्त्रीची ही पहिली आत्मकथा होय. पुस्तक येताच ते खोटे असल्याचा गवगवा झाला. तिच्या पाठीवरच्या व्रणांची ग्वाही देणारे पत्र पुढील आवृत्तीला जोडावे लागले. १८३३ साली अब्रुनुकसानीचे दावे उभे राहिले आणि मेरी प्रिन्सला न्यायालयात साक्ष द्यावी लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रिटिश साम्राज्यातील गुलामी संपविणारा कायदा झाला. त्या कायद्याने दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली, ती मालकांना. ज्यांचे पाय मिठाने खाल्ले, त्यांना एक पैसाही नाही. हा तपशील मी वाचकांना मुद्दाम सांगतो, कारण दयाळू संसदेची गोष्ट सांगताना तो नेहमी गाळला जातो.

खंडाचा गाभा डग्लस आहे. मेरीलंडमध्ये १८१८ च्या सुमारास जन्मलेल्या या मुलाला बाल्टिमोरमधील मालकीणबाई सोफिया ऑल्ड अक्षरे शिकवू लागल्या, तेव्हा त्यांचे पती ह्यू ऑल्ड यांनी ते थांबविले, आणि शिकलेला गुलाम गुलाम म्हणून निकामी होतो, असे त्याच्यादेखत सांगितले. फुल्यांचे ‘विद्येविना मति गेली’ ज्याला पाठ आहे, त्याला या प्रसंगाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पण पुढचे जे बारकावे डग्लस देतो, ते कोणत्याही भाष्याहून मोठे आहेत. गल्लीतल्या गरीब गोऱ्या मुलांना घरची भाकरी देऊन तो त्यांच्याकडून वाचन शिकला. जहाजबांधणीच्या कारखान्यात लाकडाचा कोणता तुकडा जहाजाच्या कोणत्या बाजूला बसवायचा, हे कळावे म्हणून सुतार त्यावर एक-दोन अक्षरे रेखीत असत. ती पाहून तो लिहायला लागला, आणि मग रस्त्यात भेटेल त्या मुलाला ‘तुझ्यापेक्षा चांगले लिहून दाखवतो’ असे आव्हान देऊन नवी अक्षरे काढून घेऊ लागला. मालकाच्या लहान मुलाच्या भरून टाकलेल्या वह्यांत ओळींच्या मध्ये ज्या मोकळ्या जागा राहिल्या होत्या, त्यांत तो त्या मुलाच्या वळणाची अक्षरे गिरवीत असे. साक्षरता ही त्याला मिळालेली देणगी नव्हती, ती त्याने चोरून, विकत घेऊन आणि डाव टाकून मिळविली.

१८३८ मध्ये तो पळाला आणि १८४१ पासून गुलामीविरोधी सभांतून बोलू लागला. तेथे त्याला दोन अडचणी आल्या, आणि त्या दोन्ही या पुस्तकाच्या मुळाशी आहेत. एक अशी, की तो इतका उत्तम बोले, की हा कधी गुलाम होता यावर श्रोत्यांचा विश्वास बसेना. दुसरी अधिक बोचरी. चळवळीतले गोरे सहकारीच त्याला सांगत, की तू फक्त घडलेले सांग, त्याचे तत्त्वज्ञान आम्ही पाहून घेऊ. डग्लसने १८४५ साली बोस्टनमध्ये जे छापले, ते या दोघांनाही उत्तर होते. मालकांची नावे, मुकादमांची नावे, गावे, शेते, कोणी कोणाला कोठे मारले, हे सारे त्याने पडताळता येईल अशा रीतीने दिले, आणि त्याच वेळी गुलामी मालकाच्या स्वभावाचेही कसे मातेरे करते, धर्माची भाषा तिला कशी झाकून टाकते, हा विचारही स्वतःच मांडला. लहानपणी थंडीने त्याच्या पायांना पडलेल्या भेगांबद्दल तो लिहितो, की ज्या लेखणीने मी हे लिहितो आहे, ती त्या भेगांत मावेल. त्या एका वाक्यात पुरावा आहे आणि लेखकाचा अधिकारही आहे.

नावे दिल्यामुळे तो पकडला जाण्याचा धोका इतका वाढला, की त्याला आयर्लंड-इंग्लंडला जावे लागले. तिकडे मेरीलंडकडच्या एका गोऱ्या ओळखीच्या माणसाने वर्तमानपत्रात लिहिले, की पुस्तकातल्या या सद्गृहस्थांची मला चांगली माहिती आहे, ते असे मुळीच नाहीत, आणि ज्याला मी ओळखतो तो गुलाम तर असे पुस्तक लिहूच शकला नसता. डग्लसने त्याचे जाहीर आभार मानले. मी खरोखरच गुलाम होतो आणि ही माणसे खरोखरच अस्तित्वात आहेत, याचा साक्षीदार विरोधकांनीच पुरविला होता. त्याने ते पत्र डब्लिनच्या नव्या आवृत्तीत आपल्या उत्तरासह छापले. पहिल्या चार महिन्यांत सुमारे पाच हजार प्रती खपलेल्या या पुस्तकाच्या १८६० पर्यंत तीस हजारांच्या घरात प्रती गेल्या. ब्रिटनमधील स्नेह्यांनी पैसे जमवून १८४६ मध्ये त्याची कायदेशीर सुटका करविली, आणि परतल्यावर डिसेंबर १८४७ मध्ये त्याने रॉचेस्टरमधून ‘नॉर्थ स्टार’ हे स्वतःचे वृत्तपत्र काढले. पुस्तकाला प्रस्तावना लिहिणारे विल्यम लॉइड गॅरिसन यांच्याशी त्याचे पुढे राज्यघटनेच्या अर्थावरून जाहीर मतभेद झाले. गॅरिसन यांचे मोठेपण मला मान्य आहे. परंतु त्यांचे ‘लिबरेटर’ हे गुलामीविरोधी वृत्तपत्र १८३१ साली सुरू झाले, तेव्हा ते जगविणारे बहुसंख्य वर्गणीदार कृष्णवर्णीयच होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. आणि त्याच्याही आधी, १८२७ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये ‘फ्रीडम्स जर्नल’ हे कृष्णवर्णीयांचे स्वतःचे वृत्तपत्र निघाले होते, ज्याच्या पहिल्याच अंकात, आजवर इतरांनी आमच्या वतीने फार बोलून घेतले, आता आमची बाजू आम्हीच मांडू, असे संपादकांनी बजावले होते.

हॅरिएट जेकब्ज यांचे पुस्तक मी सर्वांत शेवटी वाचले आणि आता तेच सर्वांत आधी वाचा, असे सांगतो. उत्तर कॅरोलायनातील ईडन्टन गावी मालकाच्या वासनेपासून वाचण्यासाठी ही स्त्री आजीच्या घराच्या माळ्यावर जवळजवळ सात वर्षे लपून राहिली. ती जागा नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि सर्वांत उंच ठिकाणी तीन फूट. उभे राहता येत नव्हते, अंधारात कूस बदलताना छप्पर लागे. पत्र्याच्या छपराखाली मे महिना काढलेल्या नागपूरकराला तिथल्या उन्हाळ्याची कल्पना सहज येईल. सापडलेल्या एका गिरमिटाने तिने भिंतीला छिद्रे पाडली, आणि त्यांतून खाली खेळणारी आपली मुले तिला दिसत. मुलांना मात्र आई डोक्यावर आहे, हे ठाऊक नव्हते. पण ती तेथे नुसती सोसत बसली नाही. तिने मालकाला पत्रे लिहिली, ती उत्तरेकडे, म्हणजे गुलामी नसलेल्या राज्यांत, पाठवून न्यूयॉर्कच्या टपालाच्या शिक्क्याने परत येतील अशी व्यवस्था केली, आणि तो तिला उत्तरेत शोधत राहिला. माळ्यावरून, तीन फुटांच्या अंधारातून, नुसत्या हस्ताक्षराच्या बळावर मालकाला भलत्याच दिशेला पळविणारी ही स्त्री पुढे पुस्तक लिहील, यात नवल काय?

ते लिहिणेही तिला सोपे गेले नाही. दुसऱ्यांच्या घरी मुले सांभाळण्याची नोकरी करून ती रात्री लिहीत असे. मदतीसाठी तिने ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टोव यांच्याकडे शब्द टाकला, तेव्हा स्टोव यांनी तिची कथा आपल्या पुस्तकात वापरण्याची तयारी दाखविली आणि ती खरी आहे ना, याची चौकशी, ती जिच्या घरी नोकरी करीत होती त्या बाईंकडे पत्राने केली. जेकब्ज यांना तो अपमान वाटला, आणि माझ्या मते तो होताच. स्टोव यांच्या कादंबरीच्या अमेरिकेत पहिल्याच वर्षी तीन लाख प्रती खपल्या, हे आपण शाळेपासून ऐकतो; पण आपली गोष्ट खरी आहे, हे दाखविण्यासाठी १८५३ मध्ये त्यांनी जे पुस्तक काढले, त्यात त्यांना जोसाया हेन्सन, डग्लस अशा गुलामीतून सुटलेल्या माणसांच्याच आत्मकथनांचा आधार घ्यावा लागला, हे फारसे सांगितले जात नाही. जेकब्ज यांचे पुस्तक अखेर १८६१ च्या आरंभी लिंडा ब्रेंट या टोपणनावाने आले आणि काही महिन्यांतच यादवी युद्ध पेटले. पुढे शंभर वर्षे ते एखाद्या गोऱ्या लेखिकेने रचलेली कादंबरी असावी, असेच बरेच जाणकार मानीत राहिले. अभ्यासक जीन फेगन येलिन यांनी पत्रव्यवहार शोधून ते जेकब्ज यांचेच आहे, हे विसाव्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकात सिद्ध केले. लैंगिक अत्याचाराबद्दल इतक्या स्पष्टपणे आणि तरीही इतक्या संयमाने लिहिलेले त्या काळातील दुसरे आत्मकथन माझ्या वाचनात नाही.

या लेखनाने गुलामी संपविली काय? एकट्या लेखणीने नाही. सुमारे चाळीस लाख माणसे १८६० मध्ये गुलामीत होती, आणि ती मोकळी झाली ती युद्धाने, लष्करात उतरलेल्या सुमारे एक लाख ऐंशी हजार कृष्णवर्णीय सैनिकांनी आणि मळे सोडून पळालेल्या हजारोंच्या पायांनी. डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने ते कायम झाले. परंतु गुलामी म्हणजे काही वाईट मालकांचा दोष नसून ती व्यवस्थाच गुन्हा आहे, हे उत्तरेतल्या सामान्य वाचकाला पटविणारा पुरावा या पुस्तकांनी जमा केला. ज्यांना लिहिता येणार नाही असा दावा होता, त्यांनी लिहून दाखविले, त्याबरोबर त्या दाव्यावर उभी असलेली सगळी मांडणी ढासळली. फुल्यांनी गौरविलेले औदार्य आकाशातून पडले नाही. ते या लेखकांनी मागून, भांडून आणि पुरावे देऊन जागे केले.

आता खंडातील उणिवा. चारही निवडी आत्मकथाच आहेत, त्यामुळे कृष्णवर्णीय लेखन म्हणजे सोसलेल्या दुःखाची साक्ष, असा समज होऊ शकतो. डग्लसच्या सहकाऱ्यांनी जे केले तेच, म्हणजे हकीकत तुमची आणि विचार इतरांचा, आपल्याही हातून नकळत होण्याचा हा धोका आहे. डग्लसचे ५ जुलै १८५२ चे, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाशी गुलामाचा काय संबंध, असे विचारणारे भाषण येथे नाही. पत्रके नाहीत, वृत्तपत्रांतील लेख नाहीत. मराठीत तर अशा संग्रहाची निकड आणखी आहे. आमच्या वर्गात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली येतात. इंग्रजी कळत असूनही जेकब्ज यांची लांबलचक वाक्ये वाचताना ती अडखळतात, आणि परिच्छेद मराठीत सांगितला की लगेच वादाला उभी राहतात.

त्या वादात एक गोष्ट वारंवार होते, म्हणून ती नोंदवितो. पानापानावर कोणीतरी म्हणते, “हे अगदी आपलेच आहे.” ते खरे आहे, पण तेवढ्यावर थांबू नये. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेबांनी गुलामी आणि अस्पृश्यता यांची तुलना फार काळजीपूर्वक केली आणि अस्पृश्यता काही बाबतींत गुलामीहून वाईट आहे, असा युक्तिवाद मांडला. १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना लिहिलेल्या पत्रातही त्यांनी दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख अभ्यासकाच्या भूमिकेतून केला. साम्य आणि फरक दोन्ही समोर ठेवून वाचले, तर हा खंड अधिक देतो.

ज्यांनी ‘गुलामगिरी’ वाचली आहे, त्या प्रत्येकाने हा खंड घ्यावा. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी आणि वस्त्यांतील अभ्यासिकांनी एकाहून अधिक प्रती घ्याव्यात. वाचण्याचा माझा सुचविलेला क्रम जेकब्ज, डग्लस, प्रिन्स आणि शेवटी इक्वियानो असा आहे. मात्र त्याबरोबर डेव्हिड वॉकर यांचे १८२९ सालचे ‘अपील’ अवश्य मिळवावे, कारण या खंडातील सर्वांत मोठी पोकळी तीच आहे. बोस्टनच्या बंदराजवळ जुन्या कपड्यांचे दुकान चालविणाऱ्या या स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाने जगातील आपल्या बांधवांना उद्देशून ते लिहिले आणि खलाशांच्या हाती दक्षिणेत पोहोचविले. त्याचा धसका एवढा, की जॉर्जियासारख्या राज्यांनी असे लेखन आणण्यावर आणि गुलामांना शिकविण्यावर कडक कायदे केले. त्यात आत्मकथा नाही, विनवणी नाही. आहे तो थेट राजकीय विचार, अमेरिकेचे एके काळचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या वंशविषयक मतांचे खंडन आणि ढोंगी धर्माची झडती. त्यावर आता कोणाचा स्वामित्वहक्क राहिलेला नाही, ते आंतरजालावर विनामूल्य मिळते आणि शंभराच्या आसपास पानांचे आहे. कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानातून छापून घेऊन, स्पायरल बांधणी करून ते या खंडाच्या शेजारी ठेवता येते.